वाचकांच्या शंका : भीती, विश्वास आणि उद्याचा दिवस

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच काळजीभोवती फिरतात : पुढे काय होणार हे कळत नाही आणि ज्या विश्वासात आपण वाढलो तो अशा वेळी नेमका कुठे उपयोगी पडतो, हेही उमजत नाही. त्यांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझे पती एका कारखान्यात अनेक वर्षे कंत्राटी कामगार होते. दिवाळीनंतर त्यांचे कंत्राट वाढवून मिळाले नाही. त्यांचे वय अठ्ठेचाळीस आहे, घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे आणि मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी उपासनेनंतर भेटणारी माणसे ‘विश्वास ठेवा, भिऊ नका’ असे सांगतात. एका ताईंनी तर पवित्र शास्त्रात ‘भिऊ नको’ हे शब्द 365 वेळा, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा आले आहेत, असे सांगून माझी समजूत घातली. तरीही रात्री दोन-अडीचला जाग येते, छाती धडधडते आणि मग उजाडेपर्यंत मनात हिशेब चालू राहतात. माझा विश्वास कमी पडतो आहे का?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम. आधी त्या 365 च्या आकड्याचे बोलू. तो प्रार्थनासभांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून इतका फिरला आहे की तो कुणी मोजून पाहत नाही; मोजला तर तो जुळत नाही. आकडा बाजूला ठेवून ते शब्द कुणाला उद्देशून आले आहेत हे पाहिले, तर मात्र आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. रानात हाकलून दिलेल्या हागारेला, मोशे मेल्यावर एकट्या पडलेल्या यहोशवाला, रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना, कबरेपाशी आलेल्या स्त्रियांना, म्हणजे ज्यांचे पाय आधीच लटपटत होते अशाच माणसांना ‘भिऊ नको’ असे सांगितले गेले. भीती वाटणे हा अविश्वास असता, तर या सगळ्यांना आधी दटावणी मिळायला हवी होती, आणि ती मिळालेली दिसत नाही.

स्तोत्र 56 मध्ये दावीद ‘मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भाव ठेवीन’ अशा अर्थाचे बोलतो. भीती गेल्यावर भाव ठेवीन, असे तो म्हणत नाही. प्रभू येशूविषयी तर मार्काच्या शुभवर्तमानात स्पष्टच लिहिले आहे की गेथशेमाने बागेत तो अत्यंत व्याकूळ झाला, त्याने तीन मित्रांना जागे राहायला सांगितले आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनवणी केली. जगाच्या तारणाऱ्याला रात्री सोबत हवीशी वाटली, तर आपल्याला का वाटू नये? आपल्या मंडळ्यांतून धैर्याची व्याख्या ‘ज्याला काहीच वाटत नाही तो विश्वासू’ अशी होऊन बसली आहे. ती पवित्र शास्त्रातून आलेली नसून आपल्या सामाजिक सवयीतून आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग धैर्य म्हणजे काय? या प्रश्नासाठी मी नेहमी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायाकडे जातो, कारण तिथे उपदेश जवळजवळ नाही आणि काम भरपूर आहे. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमकडे निघाला आहे. उपासाचा सण उलटून गेला आहे, म्हणजे समुद्रप्रवासाचा हंगाम संपत आला आहे. क्रेत बेटावरच्या बंदरातून पुढे जाऊ नका असे तो सांगतो, पण ज्या शताधिपतीच्या (शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याच्या) ताब्यात तो आहे त्याला तांडेल आणि तारवाचा मालक यांचे म्हणणे जास्त पटते. मग वादळ येते. सूर्य नाही, तारे नाहीत, म्हणजे त्या काळच्या खलाशांना दिशा कळण्याचे काहीच साधन उरलेले नाही. सामान समुद्रात टाकले जाते, नंतर तारवाची साधनसामग्रीही टाकली जाते, आणि या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की आम्ही वाचू ही आशाच संपली. पौलासाठी हा अनुभव नवा नव्हता. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, या प्रवासाच्या आधीच, तो आपले तारू तीन वेळा फुटल्याचे सांगतो. म्हणजे समुद्र काय करू शकतो हे त्याला चांगले ठाऊक होते आणि देवदूताने रात्री येऊन त्याला ‘भिऊ नको’ म्हटले, ते त्याला भीती वाटत होती म्हणूनच.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा संशय येतो. ते बुडीद (खोली मोजण्याचे दोरीला बांधलेले वजन) टाकून पाहतात, तर पाणी वीस वाव भरते; वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी. थोडे पुढे जाऊन पुन्हा टाकतात, तर पंधरा वाव. खडकावर आदळण्याच्या भीतीने ते तारवाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहत बसतात. (या चार नांगरांना प्रार्थना, वचन, संगती, आशा अशी नावे देऊन उपदेश करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या उपदेशांतून पुष्कळांना धीर मिळाला असेल, पण लूकने लिहिले आहेत ते खरेखुरे, जड नांगर आहेत आणि ते टाकायला त्या अंधारात कुणाचे तरी हात लागले आहेत, हे विसरू नये.) तेवढ्यात काही खलाशी नांगर टाकण्याच्या बहाण्याने होडी खाली सोडून पळू पाहतात. पौलाच्या ते लक्षात येते आणि तो शताधिपतीला सांगतो की ही माणसे तारवात राहिली नाहीत, तर तुम्ही वाचणार नाही. वास्तविक कुणाचाही जीव जाणार नाही असे वचन त्याला मिळालेले आहे, तरी कुशल खलाशांवाचून चालणार नाही हेही तो जाणतो आणि या दोन गोष्टींत त्याला विसंगती दिसत नाही.

मग उजाडता उजाडता तो सगळ्यांना म्हणतो की आज चौदा दिवस तुम्ही काही खाल्ले नाही, आता काही खा. तो भाकर घेतो, सर्वांच्या देखत देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि स्वतः खाऊ लागतो. तारवावर 276 माणसे आहेत : कैदी, शिपाई, खलाशी, उतारू. त्यांतल्या बहुतेकांना पौलाच्या देवाशी काही देणेघेणे नव्हते. तरी त्याला खाताना पाहून त्यांना धीर आला आणि तेही जेवले, मग पोटभर जेवलेल्या त्या माणसांनी उरलेला गहू समुद्रात टाकून तारू हलके केले. सकाळी तारू वाळूत रुतले आणि लाटांनी त्याचा मागचा भाग फुटला. ज्यांना पोहता येत होते ते पोहून गेले, बाकीचे फळ्यांवर आणि तारवाच्या तुकड्यांवर बसून मलिता (आजचे माल्टा) बेटाच्या किनाऱ्याला लागले. सगळी माणसे वाचली, तारू गेले.

ताई, ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तुम्हाला भेटणारी माणसे ती सांगत नसावीत. देवाने पौलाला तारू वाचेल असे वचन दिले नव्हते. यजमानांची तीच नोकरी परत मिळेल, घराचा हप्ता आज आहे तसाच भरता येईल, असे वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही, आणि जे देतात त्यांनी ते कुठून आणले हे त्यांना विचारावे. तुम्हाला आणि तुमच्या माणसांना देव सोडणार नाही, एवढेच वचन आपल्याकडे आहे. ते पुरेसे आहे की नाही, हे रात्री दोन वाजता अंथरुणात पडून ठरवता येत नाही. काही ठरले, तर सकाळी उठून हातात घेतलेल्या कामातच ते ठरते.

म्हणून कामाचे बोलतो. हप्ता चुकण्याची वाट न पाहता दोघांनी मिळून बँकेत जावे आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, याचा लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. हप्ते थकल्यावर गेलेल्या माणसापेक्षा आधी गेलेल्या माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले जाते. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक काढून कंत्राटदाराने खरोखर किती महिने भरणा केला आहे ते तपासावे, आणि ग्रॅच्युइटीचा हक्क बसतो का हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारावे. मुलीच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला आहे का, तेही पाहावे. आणि मंडळीत ‘प्रार्थना करा’ एवढेच न म्हणता, पाळक आणि एक-दोन विश्वासू कुटुंबे यांना परिस्थिती आकड्यांसह सांगावी. आपल्याकडे गरिबी सांगता येते, पण नुकतीच आलेली अडचण सांगवत नाही. पांढरपेशा ख्रिस्ती घरांत तर ही लाज फारच मोठी आहे. कारखान्यांत ओळखी असलेली माणसे प्रत्येक मंडळीत असतात, पण त्यांना काही कळलेच नसेल तर ती मदत तरी कशी करणार?

झोपेविषयीही एक सांगायला हवे. एलीया संदेष्टा जेव्हा रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, त्याला पुन्हा झोपू दिले आणि मग पुन्हा खायला उठवले. छातीत धडधड आणि जागरण असेच आठवडेच्या आठवडे चालू राहिले, तर डॉक्टरांकडे जावे. तसे केल्याने प्रार्थनेचा कमीपणा होत नाही.

प्रश्न : मी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. जाहिराती लांबतात, परीक्षा पुढे जातात, निकालांना वेळ लागतो. माझ्या टेबलासमोर यिर्मया 29:11 हे वचन लावलेले आहे : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आणि आशा देणारे आहेत. तीन वेळा थोडक्यात हुकल्यावर आता त्या कागदाकडे पाहिले की राग येतो. ते वचन माझ्यासाठी आहे की नाही?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : राग येणे समजू शकते, पण तो वचनावर काढण्याआधी त्या कागदावर न छापलेले दहावे वचन वाचा. बाबेलास (बॅबिलोनला) सत्तर वर्षे पुरी झाल्यावर मी तुमची भेट घेईन, असे त्यात आहे. अकरावे वचन त्याच्या लगेच नंतर येते. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेल्या पत्रातला हा मजकूर आहे. ते पत्र पोहोचले त्या दिवशी ज्यांचे केस पिकलेले होते, त्यांनी परतीचा दिवस पाहिला नाही. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे ठीक होईल असे सांगत होता आणि साहजिकच तो लोकांना आवडत होता. यिर्मयाने मात्र बंदिवानांना घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्या शहराचे हित पाहा, असे कळवले. कॅलेंडरवाल्यांनी वचन यिर्मयाचे घेतले आहे, पण त्याचा अर्थ बहुतेकांच्या घरी हनन्याचा लागतो.

म्हणून वचन तुमच्यासाठी आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. मात्र त्यात पुढच्या निकालाची तारीख नाही. ते एका समाजाला, पिढ्यांच्या हिशेबाने दिलेले वचन आहे आणि त्यात तुमचाही वाटा आहे.

याच यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय तुम्ही आज रात्री वाचावा, अशी माझी विनंती आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे, तटाला मोर्चे भिडले आहेत, आणि यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो की अनाथोथातले माझे शेत तू विकत घे. अनाथोथ यरुशलेमच्या ईशान्येला, हाकेच्या अंतरावर म्हणावे असे गाव. वेढा घालणारी फौज ज्या मुलखात पसरली होती, त्यातच ते शेत. व्यवहार म्हणून पाहिले तर असा मूर्खपणाचा सौदा क्वचितच कुणी केला असेल. यिर्मया 17 शेकेल रुपे ताजव्यात तोलून देतो, खत लिहितो, त्यावर मोहोर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत आपला लेखनिक बारुख याच्या हाती देतो आणि ती मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. आपल्याकडे सात-बारा आणि खरेदीखत जपून ठेवणाऱ्या माणसाला हा तपशील वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मला या अध्यायात सर्वांत भावते ते पुढचे. खत झाल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि त्या प्रार्थनेत तो गोंधळलेला आहे. शहर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती जाणार हे तूच सांगितलेस आणि शेत घे असेही तूच सांगतोस, अशा अर्थाचे तो देवापुढे मांडतो. म्हणजे पैसे त्याने मोजले ते समजल्यावर नव्हे, समजण्याआधी. ते शेत त्याने कधी कसले, असे कुठेच लिहिलेले नाही. शहर पडल्यावर उरलेल्या लोकांनी त्याला मिसरात (इजिप्तमध्ये) नेले, एवढे आपल्याला कळते.

आपल्याच मातीतली एक हकीकत यापाशी ठेवतो. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात नेले. अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांपुरती होती. ती थांबली तर मुलींचे काय, या विचाराने त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि तिथे फळझाडे लावली. हेतू साधा होता : उद्या उत्पन्नाचे काही साधन असावे. पुढे 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंचे आईवडील त्यांच्या तरुणपणीच दुष्काळात उपासमारीने गेले होते. ती आठवण असलेल्या माणसाने तिकडे पुन्हा न पाहणे अगदी समजण्यासारखे होते, पण त्या गेल्या आणि शेकडो मुली व विधवा यांना घेऊन आल्या. तोवर पुण्यात प्लेग आला होता आणि एवढ्या माणसांना शहरात ठेवण्यावर निर्बंध आले. तेव्हा केडगावची ती जमीन उपयोगी पडली. मुक्ती मिशन उभे राहिले ते तिथे. जमीन घेताना रमाबाईंना ना दुष्काळ दिसत होता ना प्लेग.

तुमच्यापुरते सांगायचे तर अभ्यास सोडा किंवा करा, हे मी सांगणार नाही. त्यासाठी तुमचे वय, घरची स्थिती आणि किती प्रयत्न उरले आहेत हे पाहावे लागेल. पण ‘निकाल लागल्यावर आयुष्य सुरू करीन’ असे ठरवून बसला असाल, तर ते मोडा. बंदिवानांना मळे लावायला सांगितले होते. एखादी अर्धवेळ नोकरी, एखादे कौशल्य, संडे स्कूलमधला एखादा वर्ग, घरी पाठवता येतील असे थोडे पैसे, यांतले काही आजच सुरू होऊ शकते. आणि तो कागद फाडू नका, फक्त त्यावर दहावे वचन हाताने लिहून काढा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. पत्नी प्रभूमध्ये निजून तीन वर्षे झाली, दोन्ही मुले परदेशात आहेत. आज माझी तब्येत चांगली आहे. तरी अंथरुणाला खिळलो, स्मरणशक्ती गेली, तर ते सोसण्याचे बळ माझ्यात नाही असे सतत वाटते. इतकी वर्षे उपदेश ऐकून आणि स्वतः शिकवूनही असे का व्हावे?
— एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर, तुमच्यात आज ते बळ नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर असावे. आज त्याची गरजही नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळाला तो रोजचा रोज. शब्बाथाच्या (विसाव्याच्या वाराच्या) आदल्या दिवसाचा अपवाद सोडला, तर ज्यांनी उद्यासाठी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. हा धडा तुम्ही मुलांना नक्कीच शिकवला असेल.

हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने याविषयी लिहिले आहे, आणि त्याचे म्हणणे आरामखुर्चीतून आलेले नाही. 1939 मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहणे शक्य असताना तो काही आठवड्यांतच जर्मनीला परतला. 1942 च्या नाताळच्या सुमारास, हिटलरच्या राजवटीला दहा वर्षे होत आली असता, त्याने जवळच्या सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिले. संकटात तग धरण्यासाठी लागेल तेवढे बळ देव देतो, पण ते आगाऊ देत नाही, कारण मग आपण त्याच्याऐवजी स्वतःवरच विसंबू, असा त्यातल्या एका भागाचा आशय आहे. पुढे 1943 च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली आणि 9 एप्रिल 1945 रोजी, युरोपातले युद्ध संपायला महिनाही उरला नसताना, त्याला फाशी दिले गेले. तुरुंगात लिहिलेल्या एका कवितेत तो म्हणतो की लोक मला शांत आणि खंबीर समजतात, आणि आतून मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा बेचैन आहे. तेव्हा अनेक वर्षे उपदेश ऐकूनही असे का, हा प्रश्न त्यालाही पडलेला होता.

बळ आगाऊ मिळत नसले, तरी व्यवस्था आगाऊ करता येते. मृत्युपत्र, बँकेतली वारसनोंदणी, औषधांची यादी, एक किल्ली शेजारी आणि एक मंडळीतल्या एखाद्या तरुणाकडे, आणि आजारपणात आपल्याला काय हवे, काय नको याविषयी मुलांशी एकदा मोकळेपणी बोलणे, एवढे या महिन्यातच उरकून घ्यावे. पुढे उपासनेला जाणे जमेनासे झाले, तर पाळकांना फोन करून प्रभुभोजन घरी आणायला सांगावे. संकोच करू नये, घरी खिळलेल्यांकडे जाणे हे त्यांच्या नेमाच्या कामातच येते.